सणाच्या सुट्टीतली पाळी : निवासी गृहातल्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर

सणाच्या सुट्टीतलं काम यंदा स्वतंत्र प्रकल्प म्हणून आखायचं, असं आजच्या बैठकीत ठरलं. जबाबदारी माझ्याकडे आली. नोंदी इथे ठेवते आहे. मुलांची नावं आणि प्रकरणांचे तपशील यात येणार नाहीत. ते त्यांच्या फायलीत आहेत, तिथेच राहतील.

आपल्याकडची मुलं तेरा ते सतरा वयातली. कागदावरची कारणं ठरावीक: घरातून पळणं, मारामारी, चोरी, व्यसन, स्वतःला इजा करून घेणं. त्या कागदामागे बहुतेक वेळा मार असतो, घरातल्याच कोणीतरी केलेला अत्याचार असतो, नाहीतर इतक्यांदा बदललेली घरं असतात की मूल आता कुठेच बॅग पूर्ण रिकामी करत नाही. सध्या बावीस जण आहेत. तेरा जणांची घरी जायची रजा मंजूर झाली आहे. नऊ जण इथेच राहतील. नियोजन त्या नऊ जणांपासून सुरू करते.

मागच्या काही वर्षांच्या नोंदवह्या काढून बसले. प्रत्यक्ष सणाचा दिवस बऱ्याचदा निभावलेला दिसतो. भांडणं, तोडफोड, पळून जायचे प्रयत्न हे सगळं आधीच्या आठवड्यात आणि सणाच्या संध्याकाळपासून पुढे. कारण शोधायला लांब जायला नको. एरवी उठल्यापासून दिवे मालवेपर्यंत मुलांचा दिवस भरलेला असतो: वर्ग, कार्यशाळा, मैदान, समुपदेशन, साफसफाई. सुट्टी लागली की शिक्षक जातात, कार्यशाळेला कुलूप लागतं, निम्मे काळजीवाहक रजेवर. दिवस रिकामा होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घराची आठवण सगळ्यात जास्त छळते.

बैठकीत मांडलेलं म्हणणं इथेही लिहून ठेवते. सुट्टीत आपली सगळी धडपड सजावट, जेवण आणि कार्यक्रम यांच्यामागे जाते. मुलांना त्याहून जास्त गरज दोन गोष्टींची आहे. दिवसाची नेहमीची घडी मोडू नये, आणि कोण भेटणार, कोण नाही, हे त्यांना कोणीतरी खरं सांगावं.

८ ऑक्टोबर

पाळ्या लावल्या. दरवर्षी सुट्टीतल्या पाळ्या सगळ्यात नव्या आणि बदलीवर येणाऱ्या माणसांच्या गळ्यात पडतात, कारण जुन्यांनी रजा आधीच टाकलेली असते. मुलाच्या बाजूने बघितलं तर वर्षातल्या सगळ्यात अवघड रात्री त्याच्या दाराशी अनोळखी माणूस उभा असतो. यंदा उलटं केलं. राहणाऱ्या प्रत्येक मुलाचं ज्याच्याशी जमतं असं एक तरी माणूस रोज कोणत्या ना कोणत्या पाळीला हवंच. बदलीवरच्यांना स्वयंपाकघर, फाटक, कपडे. रात्रपाळीला दोघं, आणि दोघंही जागे.

जुन्या लोकांचे दोन गट केले. एकाला सणाचा मुख्य दिवस घरी, दुसऱ्याला सुट्टीचा शेवट घरी. बदली रजेची तारीख त्याच कागदावर घालून अधीक्षकांची सही घेतली. स्वतःची पोरं घरी ठेवून दुसऱ्यांच्या पोरांपाशी सण काढणाऱ्या माणसाला ती रजा मागून मागून मिळावी, हे मला पटत नाही. ती आधीच ठरलेली असावी. कोणी खळखळ केली नाही. दोघांनी मुख्य दिवस आपणहून घेतला.

९ ऑक्टोबर

औषधं. दोन मुलं फिटच्या गोळ्यांवर आहेत, तिघं नैराश्यावरच्या. फिटच्या गोळ्या एकदम थांबल्या तर झटका येऊ शकतो. नैराश्यावरच्या गोळ्या अचानक तुटल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, चिडचिड हे सगळं सुरू होऊ शकतं, आणि आपण मात्र मूल सणामुळे बिथरलं असं धरून चालतो. सुट्टी संपल्यावरही आठवडाभर पुरेल इतका साठा आजच मागवला. घरी जाणाऱ्यांच्या गोळ्या मोजून, वेळा मोठ्या अक्षरात लिहून, न्यायला येणाऱ्याच्या हातात द्यायच्या. मुलाच्या बॅगेत टाकायच्या नाहीत.

११ ऑक्टोबर

दिवसभर फोन. प्रत्येक घरी एकच विचारलं: तुम्हाला नक्की काय जमेल? येणं, फोन, पत्र, की काहीच नाही? जे जमणार असेल तेवढंच मुलाला सांगायचं.

आपल्या बाजूनेही ठरवून घेतलं. मुलाने विचारलं तर तीनपैकी एकच उत्तर द्यायचं: हो, नाही, किंवा अजून कळलेलं नाही पण अमुक दिवशी कळेल. ‘बघू’ म्हणायचं नाही. ‘येतील रे, वाट बघ’ हे तर मुळीच नाही. असं बोलून आपली त्या क्षणापुरती सुटका होते आणि मूल पुढचे चार दिवस फाटकाकडे डोळे लावून बसतं.

चित्रं काढणाऱ्या मुलीचे वडील दर सणाला ‘येतो’ म्हणतात आणि येत नाहीत. त्यांना मुलीला फसवायचं नसतं. फोनवर तिचा आवाज ऐकला की ‘नाही’ तोंडातून निघत नाही. आज समुपदेशक मॅडम आणि मी, दोघी त्यांच्याशी बोललो. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “यायला नाही जमणार. फोन करतो. सातला.” मुलीला तसंच सांगितलं. “म्हणजे येत नाहीत,” एवढं म्हणून तिने पुन्हा ब्रश पाण्यात बुडवला. रात्री जेवली नाही. मॅडम तिच्याजवळ बसून होत्या. हे रडू आज आलं ते बरं झालं. आज तिच्याजवळ बसायला माणसं आहेत आणि समोर पाहुणे नाहीत.

माणूस गेलेला नाही आणि जवळही नाही, अशा हरवण्यावर अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकापासून काम केलं आहे. कोणी वारलं तर लोक भेटायला येतात, रडायची मोकळीक असते. बाप जिवंत आहे, फोनसुद्धा उचलतो, पण येत नाही, या दुःखाला कोणी भेटायला येत नाही. आपल्याकडे असं दुःख घेऊन आलेली मुलं पुष्कळ आहेत, आणि मोठी माणसं त्याला ‘नखरे’ म्हणतात. बदलीवर येणाऱ्यांना जे सांगायचं आहे त्यात हा मुद्दा सगळ्यात वर घातला.

१३ ऑक्टोबर

दुपारी मुलांच्या खोलीत कपाटाचं दार बिजागरीसकट उखडलं गेलं. उखडणारा मुलगा पंधरा वर्षांचा, रजा मंजूर झालेल्या तेरांपैकी एक. त्याला मामा न्यायला येणार आहेत. शेजारच्या पलंगावरच्याशी टॉवेलवरून वाद झाला, एवढंच निमित्त.

लगेच मागणी आली की याची रजा रद्द करा, म्हणजे बाकीच्यांना वचक बसेल. मी विरोध केला आणि विरोधाची कारणं लिहून दिली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९० मध्ये स्वातंत्र्य काढून घेतलेल्या अल्पवयीनांच्या संरक्षणाचे नियम मंजूर केले. ते हवाना नियम म्हणून ओळखले जातात. त्यातला ६७ वा नियम सांगतो की जेवण कमी करणं आणि घरच्यांशी संपर्क तोडणं किंवा कमी करणं कोणत्याही कारणासाठी करू नये. मारहाण, अंधारकोठडी, एकांतवास यांच्याच ओळीत ते बसवलं आहे. आपल्याकडची सगळी मुलं त्या नियमांच्या व्याख्येत बसत नाहीत. पण कोंडलेल्या मुलाला जो हक्क आहे तो आपल्या मुलाला नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुलाला आई, मामा, आजी भेटणं हे बक्षीस नाही, म्हणून ते शिक्षेसाठी काढूनही घेता येत नाही.

दुसरं कारण मुलाच्या वागण्यातच होतं. काळजीवाहक दादांनी त्याला पेचकस दिला आणि दोघं मिळून दार बसवायला लागले. जुनी भोकं सैल झाली होती, स्क्रू नुसते फिरत होते. दादांनी काडेपेटीच्या काड्या तोडून भोकात ठोकल्या, मग स्क्रू धरला. मी दार धरून उभी होते. मुलाने खाली बघत विचारलं, “ताई, माझी रजा गेली ना?” नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाजात चक्क राग होता. मग म्हणाला, “मामा नाही आला तर?”

रजेच्या आधी हे दरवेळी कोणाचं ना कोणाचं होतं. फाटकाशी बॅग घेऊन उभं राहायचं आणि कोणी यायचं नाही, यापेक्षा रजा आपल्या करणीने गेलेली परवडते. निदान कारण तरी माहीत असतं. त्याला सांगितलं, मामा येतो म्हणाले आहेत, हे खरं आहे. तू चारपर्यंत वाट बघायची. चारला आम्ही फोन करू आणि जे कळेल ते तुला सांगू. अठरा तारखेला तुझ्याबरोबर दादा थांबतील.

दार बसलं. त्याने ते पाच-सहा वेळा उघडून मिटून बघितलं.

१५ ऑक्टोबर

सुट्टीचं वेळापत्रक फळ्यावर लागलं. पोलिश डॉक्टर आणि लेखक यानुश कोर्चाक यांनी १९१२ मध्ये वॉर्सात सुरू झालेल्या अनाथगृहात सूचनाफलकाला फार महत्त्व दिलं होतं. फळ्यावर लिहिलेलं मुलाला हवं तेव्हा, हवं तितक्यांदा, कोणालाही न विचारता बघता येतं. इथेही तेच दिसतं. जी मुलं तोंडाने काही विचारत नाहीत ती पाणी प्यायच्या निमित्ताने फळ्यासमोरून जातात.

जेवणाच्या, औषधाच्या, मैदानाच्या वेळा नेहमीच्याच. कार्यशाळा रोज सकाळी दोन तास उघडी राहील. शिक्षक नसले तरी दादांना रंधा चालवता येतो. उठायची वेळ तासाभराने पुढे नेली, त्यावर वाद झाला. या वयात शरीराचं घड्याळच मागे सरकलेलं असतं, झोप रात्री उशिरा येते. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि अपुरी झोप झालेल्या मुलाला समजवायला जाणं म्हणजे दोघांचाही छळ. तासभर दिला. त्याहून जास्त नाही, नाहीतर सुट्टीअखेर रात्रीचा दिवस झालेला असतो.

मुलांनीही भर घातली. रोज संध्याकाळी बुद्धिबळाची स्पर्धा हवी, आणि एक दिवस स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. दोन्ही मान्य.

सणाच्या कार्यक्रमाला बसायची सक्ती नाही. ज्याला नको असेल त्याच्यासाठी वाचनाची खोली उघडी, दिवा लावलेला, आणि आत एक माणूस. ज्या मुलाच्या घरी सणाच्याच दिवशी दारू पिऊन मारहाण व्हायची, त्याला गाण्यांचा आणि दिव्यांचा त्रास का होतो, हे समजायला फार शिकावं लागत नाही. बाहेरून अचानक मोठे आवाज येतील त्या वेळांचा अंदाजही फळ्यावर लिहिला. काही जण आवाजाने दचकतात ते पुढे तासभर थरथरत राहतात. आधी कळलं असेल तर कमी.

१६ ऑक्टोबर

भेटवस्तू वाटायला तीन मंडळांनी वेळ मागितली. माझी भूमिका स्पष्ट आहे आणि अधीक्षकांनी ती मान्य केली. मुलांना रांगेत उभं करायचं नाही. फोटो काढायचे नाहीत, पाठमोरे सुद्धा नाहीत. ‘इथे कसा आलास’ हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. वस्तू आधी कार्यालयात द्यायच्या. मुलाचा चेहरा एकदा बाहेर गेला की तो परत आणता येत नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलाला हात पसरून उभं राहताना काय वाटतं ते त्याच्या जबड्यावर दिसतं.

दोन मंडळांनी ऐकून घेतलं. त्यांतल्या एकाने विचारलं, मग आम्ही काय करावं? त्यांना म्हटलं, सुट्टी संपल्यावर या. दर पंधरा दिवसांनी येऊन मुलांबरोबर फुटबॉल खेळा. सुट्टीत पंचवीस माणसं येतात आणि नंतर सहा महिने कोणी फिरकत नाही. तिसऱ्या मंडळाने पुन्हा फोन केला नाही.

१८ ऑक्टोबर

निघण्याचा दिवस. सकाळपासून बॅगा, गोळ्यांची पाकिटं, सह्या. बारा जण गेले.

मामा आले नाहीत. चारला फोन केला, बंद. साडेचारला पुन्हा, बंद. दादा त्याच्याबरोबर बुद्धिबळाच्या पटावर होते. फाटकाशी बसायचं नाही हे आधीच ठरलं होतं. पाच वाजता मी जाऊन सांगितलं की मामांचा फोन बंद आहे, आज ते येणार नाहीत असं आम्ही धरतो आहोत, उद्या सकाळी दहाला पुन्हा लावू. त्याने डाव पूर्ण केला. बॅग मात्र उघडली नाही.

राहिलेल्या दहा जणांना विचारलं, आपापल्या बाजूला एकाच खोलीत झोपायला याल का? मुलांची बाजू आणि मुलींची बाजू, दोन्हीकडे रिकामे पलंग फार दिसत होते. सगळे हो म्हणाले. गाद्या ओढण्यात संध्याकाळ गेली, ते चांगलंच झालं.

१९ ऑक्टोबर

मामांचा निरोप शेजाऱ्यामार्फत मिळाला. कामावरून सुटका झाली नाही. मुलाला शब्दाला शब्द सांगितलं. “मग काल फोन का नाही केला?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, तसं म्हणाले.

२० ऑक्टोबर

मुख्य दिवस. सकाळ छान. स्वयंपाकघर मुलांच्या ताब्यात होतं आणि गोडाचा पदार्थ त्यांनीच ठरवला होता. साखर संपत आली तरी कोणी कोणावर ओरडलं नाही. दुपारी मैदानावर धिंगाणा. बदलीवरच्या ताई म्हणाल्या, गोड जास्त झालं म्हणून अंगात आलंय पोरांच्या. साखरेने मुलं उधळतात या समजुतीची नीट तपासणी झालेली आहे. १९९५ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला आणि मुलांच्या वागण्यावर साखरेचा परिणाम त्यात आढळला नाही. त्यांना एवढंच सांगितलं की साखरेवर टाकलं की आपण खरं कारण बघायचं सोडून देतो. खरं कारण संध्याकाळ होती. ती जवळ येत होती.

सहा पन्नासलाच फोन वाजला. मुलीचे वडील, दहा मिनिटं आधी. ती धावत आली. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, वायर बोटाला गुंडाळत, सोडत. काय काय खाल्लं, कोणी जिंकलं, कोणतं चित्र काढलं. मध्येच खळखळून हसली.

पंधरा वर्षांचा मुलगा तेव्हा पाणी भरायला आला होता. त्याने ते हसू ऐकलं. बाटली खाली ठेवली, झाकण लावलं, आणि फोनच्या टेबलाला लाथ मारली. मुलगी किंचाळली. फोन खाली, पण तुटला नाही. त्याने खुर्ची उचलली.

अशा वेळी कोणी काय करायचं हे पाळीवरच्यांनी आधीच बसून ठरवलं होतं, तसंच झालं. एकाने मुलीला आणि फोनला आत नेलं. दुसऱ्याने बाकीच्यांना मैदानाकडे काढलं. बघे हटवणं सगळ्यात आधी, कारण गटातल्या एकाचा भडका बघता बघता दुसऱ्याला लागतो. मनोविश्लेषक फ्रिट्झ रेडल आणि समाजकार्यकर्ते डेव्हिड वाइनमन यांनी १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये अशाच रागीट मुलांसाठी घर चालवलं होतं. गटातली ही लागण किती वेगाने पसरते, हे रेडल यांनी फार बारकाईने टिपून ठेवलं आहे.

बोलायचं एकानेच, आणि ते दादा. समोरासमोर नाही, थोडं तिरकं उभं राहून, हात दिसतील असे, तीन हात अंतरावर. “खुर्ची ठेव” असंही म्हणाले नाहीत. म्हणाले, “मी इथेच आहे.” मग बराच वेळ काहीच नाही. भडकलेल्या डोक्यात लांब वाक्यं शिरत नाहीत. मुलगा आधी मामाला शिव्या देत होता, मग आम्हाला, मग स्वतःला. खुर्ची भिंतीवर आपटली, एक पाय मोडला. दादांनी अंगाला हात लावला नाही. मुलांना पालथं पाडून दाबून धरणं इथे बंद आहे. छाती दबून श्वास कोंडतो आणि मुलं त्यात मेलेली आहेत. दंगा आटोक्यात आणण्याची ती पद्धत म्हणून कोणी सुचवली तरी मी ती ऐकून घेणार नाही.

वीस-पंचवीस मिनिटांनी तो भिंतीला टेकून खाली बसला. दादाही बसले. नंतर दोघं धुलाईच्या खोलीत गेले आणि चादरींच्या घड्या घालत राहिले. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. हात कामात असले की बोलायची सक्ती राहत नाही.

मुलीला वडिलांशी पुन्हा फोन जोडून दिला. त्यांनी उचलला.

२१ ऑक्टोबर, पहाटे

रात्रपाळीची नोंद. चार मुलं अडीचनंतर झोपली. फेरी मारताना टॉर्च जमिनीकडे, चेहऱ्यावर नाही. किल्ल्यांचा जुडगा मुठीत, वाजता कामा नये. यातल्या काही मुलांच्या घरी रात्री दार उघडण्याचा अर्थ एकच होता. फेरीच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि मुलांना माहीत आहेत. जागं असलेलं मूल पावलांवरून ओळखतं की कोण आहे.

२१ ऑक्टोबर, दुपार

कालच्या मुलाशी बोलणं. समुपदेशक रजेवरून येईपर्यंत थांबलो नाही. घडलेल्या गोष्टीवर, घडलेल्या जागी, रोजच्या माणसाने लवकर बोलावं, हे रेडल यांच्याकडून शिकण्यासारखं. आठवड्यातला तासभर समुपदेशकांकडे असतो. उरलेला सगळा वेळ मुलं आपल्यापाशी असतात.

टेबलापाशीच बसलो. आधी त्याला सांगू दिलं, क्रमाने. पाणी, हसू, लाथ. “ती हसली म्हणून?” विचारलं. तो म्हणाला, “तिचा बाप दहा मिनिटं आधीच आला.” फोनला तो ‘आला’ म्हणाला. मी काही जोडलं नाही. मग पुढचं: मुलगी घाबरली, तिचं काय करायचं? खुर्चीचा पाय त्यानेच बसवायचा ठरलं. माफी मागायची सक्ती केली नाही. ती ऐकायला तयार आहे का, हे आधी तिला विचारायचं होतं. ती म्हणाली, उद्या.

२३ ऑक्टोबर

एक मुलगी दोन दिवस फार शांत आहे. स्वतःची पुस्तकं, कंगवा, मणी वाटून टाकले. सुट्टीच्या गडबडीत ‘किती शहाणी झाली’ म्हणून हे नजरेआड व्हायला वेळ लागत नाही. रात्रपाळीच्या ताईंनी ते नोंदवहीत लिहिलं म्हणून मला कळलं. तिला बाजूला घेऊन थेट विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? असं विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं, ही भीती खोटी आहे. विचारणाऱ्याच्या तोंडून तो शब्द निघाला की मुलाला बोलता येतं. ती हो म्हणाली. कधी, कसं, हेही सांगितलं. तासाभरात डॉक्टरांशी बोलणं झालं, धोक्याच्या वस्तू काढल्या, एक माणूस सतत तिच्याबरोबर. समुपदेशक मॅडम रजेवरून आजच परत आल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. उरलेले तपशील फायलीत.

२४ ऑक्टोबर

मुलगी डॉक्टरांना दाखवली. सोबत चालू. बाकी दिवस साधा. बुद्धिबळाची अंतिम फेरी पुढे ढकलली.

२७ ऑक्टोबर

परतीचा दिवस. एक जण ठरल्याच्या आदल्या दिवशीच आला होता, एकटा. का ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. जेवायला वाढलं.

परतल्यानंतरचे दोन दिवस निघण्याच्या दिवसाइतकेच जड असतात, आणि त्यांची तयारी सहसा कोणी करत नाही. घरून येणाऱ्या मुलाला इथल्या माणसांचा राग आलेला असतो, कारण घर सोडावं लागलं. राहिलेल्यांना येणाऱ्यांचा राग, कारण ते जाऊन आले. म्हणून आज आणि उद्या वर्ग नाहीत, पाळीला माणसं जास्त, आणि सगळी ओळखीची.

बॅगा तपासाव्या लागतात, अंमली पदार्थ आणि पाती आत येऊ द्यायची नाहीत. पण तपासणी मुलासमोर, एकेकट्याने, बंद खोलीत, आणि प्रत्येक वस्तू त्याच्याच हाताने बाहेर काढून. एकाच्या बॅगेत तळाशी आजीचा जुना स्वेटर होता, वासासाठी आणलेला. तो धुवायला टाकू नका, असं त्याने दोनदा बजावलं. धुलाईच्या यादीत तशी खूण केली.

नव्या बुटांवरून एक मारामारी, किरकोळ. बाकी ठीक.

३० ऑक्टोबर

आढावा बैठक. पुढच्या मोठ्या सुट्टीसाठी पक्कं झालेलं: ओळखीच्या माणसांच्या पाळ्या, घरच्यांना आधी फोन, परतीच्या दोन दिवसांची जादा माणसं. घरची रजा शिक्षा म्हणून रद्द करायची नाही, हे आता लेखी झालं, सगळ्यांच्या सह्यांसकट. फोन आडवाटेच्या खोलीत हलवायचा, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला उभं राहून ऐकावं लागणार नाही. यासाठी वायर ओढावी लागेल, खर्चाला मंजुरी बाकी. मी पाठपुरावा करते.

एक मुद्दा सुटला नाही. ज्यांना फोन करणारं कोणीच नाही, अशी तीन मुलं आहेत. हवाना नियमांप्रमाणे मुलाला त्याच्या पसंतीच्या माणसाशी आठवड्यातून निदान दोनदा पत्राने किंवा फोनने बोलता आलं पाहिजे. पसंतीचं माणूसच नसेल तर काय, याचं उत्तर नियमात सापडत नाही. एकाने जुन्या शाळेतल्या शिक्षिकेचं नाव सांगितलं. त्या तयार असतील का, हे विचारून घ्यायचं आणि त्यांच्याबद्दलची चौकशी नियमाप्रमाणे पूर्ण करायची. दुसऱ्याने इथून बाहेर पडलेल्या एका मोठ्या मुलाचं नाव घेतलं. तिसरी म्हणाली, कोणी नाही. तिच्याशी मॅडम पुन्हा बोलतील.

मणी आणि पुस्तकं वाटून टाकलेल्या मुलीची सोबत अजून चालू आहे. डॉक्टर परवा पुन्हा बघतील.

मामांशी आज बोलणं झालं. त्यांना नऊ नोव्हेंबर जमणार आहे, सकाळची गाडी. मुलाला सांगितलं, दुपारी एकपर्यंत वाट बघायची हेही ठरलं. आठ तारखेला संध्याकाळी मामांना फोन लावून खात्री करायची आहे. तो मी लावते. नऊला दादांची पाळी.